रखडलेले किण्वन

रखडलेले किण्वन म्हणजे बिअर तयार होत असताना यीस्टचे कार्य अपेक्षित टप्प्याआधीच मंदावणे किंवा थांबणे होय. तयार संचातून घरी बनवलेल्या बिअरमध्ये ही अडचण कधीकधी आढळते. अशी बिअर नको इतकी गोड राहते आणि ती बाटल्यांत भरल्यास बाटल्या फुटण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने या छंदाला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. घरगुती संचात सामान्यतः हॉपयुक्त माल्ट अर्काचा डबा व सुक्या यीस्टची पुडी असते. अर्क आणि साखर पाण्यात मिसळून केलेल्या द्रावणास वर्ट म्हणतात. एका संचापासून ते सुमारे २३ लिटर होते. यीस्ट त्यातील शर्करांचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते आणि द्रावणाची विशिष्ट घनता घटत जाते. साध्या एल बिअरमध्ये ती साधारण १.०४० पासून १.०१० च्या आसपास उतरते.

निदान

हवाबंद झडपेतून बुडबुडे न येणे हा किण्वन थांबल्याचा पुरावा नव्हे. झाकणाच्या फटीतूनही वायू निसटतो. यीस्ट घातल्यानंतर पहिले काही तास, क्वचित दोन-तीन दिवसही, बाह्य हालचाल दिसत नाही. खात्रीसाठी हायड्रोमीटरने घनता मोजतात. नमुन्यातील वायू आधी ढवळून काढावा लागतो, अन्यथा बुडबुड्यांमुळे उपकरण वर उचलले जाऊन घनता जास्त दिसते. दोन-तीन दिवस घनता १.०२० सारख्या चढ्या अंकावर स्थिर असेल, तर किण्वन रखडल्याची शक्यता असते.

कारणे

* एल यीस्टला साधारण १८ ते २२ अंश सेल्सियस तापमान मानवते. थंडीत ते निष्क्रिय होऊन तळाशी बसते.
* वर्ट पुरेसे निवण्याआधी यीस्ट घातल्यास ते मरते.
* पुडी जुनी असणे किंवा यीस्ट अपुरे पडणे.
* वर्टमध्ये प्राणवायू कमी असल्यास यीस्टची वाढ खुंटते.
* अर्कात डेक्स्ट्रिनांचे प्रमाण अधिक असणे. यीस्ट ती पचवू शकत नसल्याने येथे किण्वन प्रत्यक्षात पूर्ण झालेले असते.

उपाय

प्रथम भांडे २० ते २२ अंश तापमानाच्या जागी हलवून ते हलकेच फिरवतात, जेणेकरून तळाचे यीस्ट पुन्हा द्रावणात मिसळते. जोराने ढवळणे टाळतात, कारण या टप्प्यावर मिसळलेल्या प्राणवायूने बिअरची चव बिघडते. त्याने फरक न पडल्यास कोमट पाण्यात जागृत केलेले ताजे यीस्ट घालतात. नुसती साखर घातल्याने दोष दूर होत नाही. सर्व साधने निर्जंतुक असणे आवश्यक असते.

धोका

बाटलीत फेस निर्माण होण्यासाठी लिटरमागे सुमारे ६ ते ८ ग्रॅम साखर पुरते. १.०१० ऐवजी १.०२० घनतेवर थांबलेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे २० ग्रॅम किण्वनक्षम शर्करा शिल्लक असू शकते. बाटलीत किण्वन पुन्हा सुरू झाल्यास वायूच्या दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून ठरावीक दिवस भरले म्हणून नव्हे, तर घनता अपेक्षित पातळीवर उतरून सलग काही दिवस स्थिर राहिल्यावरच बिअर बाटल्यांत भरतात.

कायदेशीर स्थिती

घरगुती मद्यनिर्मितीचे नियम देशागणिक भिन्न आहेत. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे.