नेवासे : उरलेले खापर आणि विरघळलेले मीठ



नेवासे हे नाव उच्चारले की मराठी माणसाला आधी ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरी तेथे सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैसचा खांब आजही तेथे उभा आहे. परंतु आज आपल्याला जायचे आहे ते त्याही मागे बाराशे वर्षे. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्पिढ्या नगर जिल्हा म्हणत आलो त्या जिल्ह्यातील या गावी, प्रवरेच्या काठच्या लाडमोड नावाच्या टेकाडात रोमन साम्राज्यातून आलेल्या रांजणांची खापरे सापडली. कोठे रोम आणि कोठे नेवासे! ही खापरे आपल्याला काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत, एवढाच आजचा विषय आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात नेवाशास उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया हे त्याचे प्रमुख होते आणि डॉ. शां. भा. देव, डॉ. अन्सारी ही मंडळी त्यांच्याबरोबर होती. १९६० मध्ये त्यांचा जो अहवाल प्रसिद्ध झाला त्याचे इंग्रजी नाव ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा अर्थाचे आहे. उत्खननाची रीतच त्या नावात आली आहे. इतिहासकार जुन्याकडून नव्याकडे येतो, पण कुदळ मात्र नव्याकडून जुन्याकडे जाते.

नेवाशाच्या टेकाडात अगदी वर मुसलमानी व मराठी अमदानीचा थर लागला. त्याच्या खाली सातवाहनांचा काळ, आणि रोमन खापरे निघाली ती याच थरांत, सुमारे इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. च्या दुसऱ्या शतकापर्यंतच्या. त्यांच्याही खाली तांबे आणि दगड ही दोन्ही वापरणाऱ्या, रंगीत भांडी घडविणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती होती. तिला आज तीन हजारांहून अधिक वर्षे झाली. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून या संस्कृतीला नाव मिळाले आहे. आणि प्रवरेच्या वाळूगोट्यांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली ती तर याहून फारच जुनी. त्यांतील एका प्रकाराच्या हत्यारांना नेवाशाचेच नाव पडले आहे.

म्हणजे पहिला मुद्दा येथेच निकालात निघतो. रोमन माल नेवाशाला आला तेव्हा नेवासे जुने होते. रोमनांनी ते वसविले नाही. ते वसलेले होते म्हणून तो माल तेथवर आला.

आता ती खापरे पाहू. रोमन व्यापारी मद्य, तेल असे पातळ पदार्थ ज्या भांड्यांत भरून जहाजावर चढवीत, ती भांडी उंच, अरुंद मानेची, निमुळत्या बुडाची आणि दोन्ही बाजूंना कान असलेली असत. नेवाशाच्या खापरांत ज्या भांड्यांची ओळख पटली, त्यांचे कान मातीच्या दोन कांड्या शेजारी शेजारी जोडून केलेले असतात. या घाटाचे रांजण मुख्यत्वे मद्याचे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील कँपेनिया प्रांतात, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात, ते घडत. तसेच ग्रीसकडील बेटांतही घडत.

ते इकडे कोणत्या वाटेने आले? इ. स. च्या पहिल्या शतकात ईजिप्तकडील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासपुस्तक उपलब्ध आहे. लेखकाचे नाव माहीत नाही, पण माल आणि बंदरे यांची त्याला बारीक माहिती होती. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तो मद्य आधी सांगतो, त्यातही इटलीचे विशेष. त्याखेरीज तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी. उलट दिशेने पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजच्या तेरहून, तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर आणखी १० दिवसांवर, असा त्याचा हिशेब आहे. नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे नेवाशाची जागा लक्षात येते. नेवाशाच्या पुढे प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते, आणि तीच गोदावरी पुढे पैठणला जाते. राजधानीच्या अंगणातलेच हे गाव.

हा व्यापार एकतर्फी नव्हता. भारताकडे दरसाल ५ कोटी सेस्टर्स नाणी वाहून जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकाराने करून ठेवली आहे. व्हेसुव्हियसने इ. स. ७९ मध्ये गाडलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरलाही मिळाली आहे. मद्य इकडे येत होते आणि कारागिरी तिकडे जात होती.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परदेशी म्हटले की आपले डोळे दिपतात. चक्राकार नक्षी असलेली काळसर, तुळतुळीत भांडी १९४५ मध्ये पाँडिचेरीजवळ अरिकमेडूला निघाली, तेव्हा ती रोमन म्हणून गाजली. पुढे मातीचे पृथक्करण झाले आणि ती भारतातच घडलेली ठरली. ज्यांना रोमन रांजण म्हटले अशी पश्चिम भारतातील पुष्कळ खापरे इराण-इराकच्या बाजूने आलेली आणि काही शतकांनंतरची आहेत, असेही आता दिसून आले आहे. नेवाशाच्या खापरांतील रोमन घाट या तपासणीतून टिकला, म्हणूनच त्याचे मोल.

पण याहूनही मोठा प्रश्न पुढेच आहे. नेवाशाच्या एखाद्या सुखवस्तू घरी वर्षातून किती रांजण मद्य येत असेल? आणि त्याच गावात घरोघर रोज किती मीठ लागत असेल? माणसांना लागे, गुरांना लागे. मद्यावाचून गाव चालेल, मिठावाचून चालणार नाही. मग त्या मिठाचा पुरावा कोठे आहे? टेकाडात तो नाही, कारण मीठ विरघळते आणि खापर उरते.

विलायतेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये ड्रॉइटविच नावाचे गाव आहे. तेथे खाऱ्या पाण्याचे झरे आहेत आणि रोमनांनी त्या ठिकाणाला ‘सालिनी’, म्हणजे मिठाची जागा, असे नाव दिले होते. पण कुदळ चालल्यावर दिसले की रोमन येण्यापूर्वीच तेथील लोक मीठ काढीत होते. तेथे हे कळू शकले, कारण त्या थंड देशात खारे पाणी विस्तवावर आटवावे लागे, आणि त्याची ओबडधोबड भांडी व टाक्या जमिनीत राहिल्या. आपल्या कोकणच्या मिठागरांत पाणी आटवितो सूर्य, आणि मागे उरलेले सारे धुऊन नेतो पाऊस. तेथे खापर राहणार कोठून?

तरीही सातवाहनांच्या काळचे मीठ अगदीच मुके नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, गौतमीपुत्र सातकर्णीचा त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षीचा लेख कोरलेला आहे. भिक्षूंना त्याने २०० निवर्तने शेत दिले आणि त्या शेताला कोणत्या सवलती राहतील तेही सांगितले. राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये, त्याला हात लावू नये, आणि तिसरी सवलत आहे ‘अलोणखादक’. याचा अर्थ मिठासाठी ते शेत कोणी खणू नये. अभ्यासकांनी लावलेला हा अर्थ ध्यानी घ्या. एरवी मिठासाठी जमीन खणण्याचा अधिकार राजसत्तेकडे होता, म्हणून तर तो सोडल्याचे दगडावर कोरावे लागले. मद्याच्या रांजणाने टेकाडात पाच-पन्नास तुकडे ठेवले. मिठाने राजाच्या लेखात एक शब्द ठेवला. आमच्या मते तो एक शब्द त्या सगळ्या तुकड्यांच्या तोलाचा आहे.

विरून जाणाऱ्या वस्तू क्वचित टिकतात, त्याचे उदाहरण नेवाशानेच दिले आहे. जोर्वे काळात लहान मूल दगावले तर दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच ते पुरीत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या आत ओवलेला धागा शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस ओळखता आला. तांब्याला गंज चढला आणि त्या गंजाने धाग्याचे रक्षण केले. रोमन रांजण यायच्या हजार वर्षे आधी प्रवरेकाठी सूत कातले जात होते. पुढे जे कापड पश्चिमेच्या बाजारात गेले, त्या धंद्याची मुळे अशी खोल होती.

तेव्हा नेवाशाचा अभिमान धरायचा तो कशाचा? रोमचे रांजण आले याचा आनंद असावाच. पण ते विकत घेण्याची ऐपत ज्यांच्या कष्टांतून आली, ते कातणारे, विणणारे, मणी घडविणारे, घाट चढून बैल हाकणारे आणि मीठ काढणारे लोक त्या खापरांच्या पाठीमागे उभे आहेत.

शेवटी एकच विनंती. गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला आपण पांढरी म्हणतो. तिच्या मातीत राख असते, हाडे असतात, म्हणून ती शेतात कसदार खत ठरते आणि गाडीगाडीने उचलली जाते. १९७४ मध्ये याच प्रवरेकाठी दायमाबादला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. ती चित्रे वजनदार व डोळ्यांत भरणारी, म्हणून संग्रहालयात पोचली. खापराच्या तुकड्याचे तसे नशीब नसते, आणि मण्यातल्या धाग्याचे तर नाहीच. एक गाडी पांढरी उचलली की त्या जागेचा थरांचा क्रम मोडतो, आणि क्रम मोडला की खापर नुसते खापर होते. ते कोणत्या काळचे, कोणाच्या घरचे, हे सांगणारे काही उरत नाही. मीठ पाण्याने नेले, त्याला आपला इलाज नव्हता. पांढरी नेणारे हात मात्र आपलेच आहेत.