तारेच्या लांबीतून सापडलेलं सूत्र

फुलसावंगीच्या शिवारात रब्बीचं ओलित सुरू झालं, की डीपीपासून (गावच्या रोहित्रापासून) लांबच्या विहिरींवर एकच तक्रार ऐकू येते : होल्टेज मिळत नाही. नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम असतो. विभवांतर (म्हणजेच होल्टेज, विजेचा दाब) भागिले धारा म्हणजे रोध, हे पोरं पाठ करतात. पण त्याचा बापाच्या मोटरशी संबंध आहे हे त्यांना कुणी दाखवत नाही. याची मला फार हळहळ वाटते, कारण हा नियम तारेच्या लांबीचाच शोध घेताना सापडला.

गेऑर्ग ओहम 1789 साली जर्मनीतल्या एर्लांगेनला जन्मला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. कोलोनच्या शाळेत शिकवताना ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून धारा सोडून पाहिली. अडचण घटाची होती. रासायनिक घट चालता चालता मंदावायचा, मग धारा तारेमुळे घटली की घटामुळे, हे कळणार कसं? पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला सीबेक या संशोधकाची 1821 ची युक्ती सुचवली : दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज वाहते. ओहमने तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून विजेचा जोरही स्थिर राहिला. 1826 मध्ये एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने आळीपाळीने जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीने धारा मोजली. उत्तर आलं : धारा म्हणजे जोर भागिले तारेची लांबी, आणि त्या लांबीत बाकीच्या मंडलाचा ठरावीक अडथळा मिळवायचा. माझ्या मते या शोधातलं खरं कसब गणितापेक्षा त्या बर्फ-पाण्यात आहे.

1827 च्या त्याच्या ग्रंथाचं जर्मनीत थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते 1841 साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जूल या शास्त्रज्ञाने दाखवलं, की तारेत होणारी उष्णता धारेच्या वर्गाला रोधाने गुणून येते. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एककं 1881 च्या पॅरिस परिषदेत ठरली. वॅट हे नाव विल्यम सीमेन्सने 1882 मध्ये सुचवलं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

आता घरातला 1000 वॅटचा हीटर घ्या. 230 व्होल्टला तो साधारण 4.35 अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे 53 ओहम. दाब 180 व्होल्टवर उतरला, की शक्ती 612 वॅटवर येते. पाणी तापायला वेळ का लागतो, ते इथेच कळतं.

मोटरचं मात्र उलट होतं. विहिरीतून तेवढंच पाणी उपसायचं असल्याने दाब घटला की ती जास्त धारा ओढते. धारा वीस टक्के वाढली तर वायंडिंगमधली उष्णता 44 टक्के वाढते, आणि मोटर जळू शकते.

टोकाच्या विहिरीचा हिशेबही असाच. पाच एचपीची थ्री फेज मोटर ढोबळमानाने आठ अँपिअर घेते. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल 300 मीटर टाकली, तर प्रत्येक तारेचा रोध सुमारे 1.3 ओहम. आठचा वर्ग गुणिले 1.3 म्हणजे 83 वॅट. तिन्ही तारा मिळून अडीचशे वॅट नुसती केबल तापवण्यात जातात. सहा चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर हे नुकसान 166 वॅटच्या आसपास येतं.