कामटीची रेघ

परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एसटी घाट ओलांडते आणि सेमाडोहला येते. खाली सिपना नदी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नदीकाठचं जंगल पाहिलं की नावाचा उलगडा होतो. मात्र सागाच्या बरोबरीनं ह्या जंगलावर हक्क सांगतो तो बांबू, विदर्भातल्या लोकांचा मानवेल. कोरकू घरांच्या भिंतीत शेणमातीच्या लिंपणाखाली तोच असतो. टोपली, सूप, कणगी, कुंपणाची ताटी ह्या सगळ्यांत तोच. उभा बांबू चिरला, मग परत चिरला, आतला पोकळ बाजूचा ठिसूळ भाग सोलून काढला की हातात उरते ती लवचीक, चिवट पट्टी. कुणी तिला कमची म्हणतं, कुणी कामटी. पतंगाला कमान देते ती हीच.

जगभरात संगणकावर आराखडे काढायला शिकणारी मुलं रोज ह्या कामटीला हात लावतात. फक्त तिचं नाव तिथं वेगळं आहे.

ऑटोकॅडची पहिली ओळख साधारण सगळीकडे सारखी होते. आयटीआयमधला आरेखक ट्रेडचा विद्यार्थी असो की शहरातल्या क्लासला जाणारी मुलगी, सुरुवात अक्षरांनी होते. 'एल' दाबून एंटर केलं की सरळ रेषा, 'सी' म्हणजे वर्तुळ, 'ए' म्हणजे कंस. खोलीचा नकाशा, दाराची फळी, खिडकी, एवढं जमू लागलं की एक दिवस 'एसपीएल' येतं: स्प्लाइन. पडद्यावर तीन-चार ठिकाणी टिचकी मारायची, एंटर करायचं, की त्या ठिकाणांना जोडणारी एक डौलदार, कुठेही न मोडणारी रेघ उमटते. शिकवणारे तिला मोकळी वळणदार रेषा म्हणतात आणि पुढच्या कमांडकडे वळतात. तिथं थोडं थांबायला हवं, कारण ह्या एका शब्दाच्या पोटात अडीचशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

स्प्लाइन हा शब्द इंग्लंडच्या पूर्वेकडच्या बोलीतून आला. 18व्या शतकाच्या मध्यापासून तो लिखाणात सापडतो आणि त्याचा अर्थ एवढाच: लाकडाची लांब, पातळ, अरुंद पट्टी. मोडलेल्या हाडाला आधार म्हणून बांधायच्या पट्टीला इंग्रजीत स्प्लिंट म्हणतात, लाकडाच्या कुसळाला स्प्लिंटर. स्प्लाइन ही त्यांचीच भावकी असावी, असं कोशकार मानतात. आपल्याकडेही हाड बसवणारे जाणते बांबूच्या कामट्याच बांधत आले. नाती अशीही जुळतात.

ही पट्टी आराखड्यात आली ती जहाजांमुळे. जहाजाचं अंग कुठेच सपाट नसतं, आणि त्याचं वळण कंपासनं निघत नाही. कागदावर ते लहान काढायचं आणि बांधताना खऱ्या मापाचं करायचं, ही त्या काळची मोठी अडचण. ब्रिटिश आरमाराचे आराखडे 48 पटींनी लहान असत. म्हणजे कागदावर एक मिलिमीटरची चूक झाली तर लाकडावर ती जवळजवळ 5 सेंटिमीटरची होणार, आणि एवढ्या फटीतून जहाजात पाणी शिरायला कितीसा वेळ? म्हणून गोदीत एक लांबरुंद माळा असे. त्याच्या फरशीवर जहाजाच्या रेषा पूर्ण आकारात काढत. मोजलेले बिंदू मांडायचे, त्यांवरून लाकडी पट्टी वाकवायची, खिळ्यांनी किंवा वजनांनी अडवायची आणि तिच्या कडेनं खडू ओढायचा.

माळ्याला इंग्रजीत लॉफ्ट म्हणतात. त्रिमितीय आराखड्याच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आज 'लॉफ्ट' नावाची कमांड असते. दोन-तीन छेद देऊन त्यांच्यावरून एकसंध पृष्ठभाग ताणण्यासाठी. ती त्या माळ्याचीच आठवण.

मुंबईच्या गोदीनं ह्या कागदी आराखड्यांचा नाजूकपणा चांगला अनुभवला आहे. वाडिया घराण्यानं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट 1817 साली पाण्यात उतरली. मलबारी सागाचं हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. तिचे आराखडे लंडनहून मुंबईला निघाले होते 'जावा' नावाच्या जहाजातून. डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकनांनी लढाईत 'जावा' जिंकलं आणि आराखडे गेले. नवी प्रत दुसऱ्या जहाजानं पाठवावी लागली. वळण कागदात अडकलेलं असेपर्यंत हे असंच होणार होतं.

विमानं आली आणि ही अडचण जास्तच टोचू लागली. एकाच विमानाचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत बनत, आणि माळ्यावरची रेघ काही गुंडाळून पाठवता येत नाही. पट्ट्या तिथेही होत्याच. त्यांना जागेवर धरायला शिशाची वजनं असत, मान पुढे काढून बसलेल्या बदकासारखी; कारागीर त्यांना 'डक' म्हणजे बदकच म्हणत. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीतल्या रॉय लायमिंग ह्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टँग विमानाची वळणं समीकरणांत बांधली आणि 1944 साली त्या पद्धतीवर पुस्तकही लिहिलं. आकडे पत्रानं जातात, आणि जिथं पोचतात तिथं तेच वळण पुन्हा काढून देतात. आराखड्याच्या इतिहासातलं खरं वळण हेच, असं म्हणायला हरकत नाही.

पट्टीचं स्वतःचं गणित तोवर जुनं झालं होतं. वाकवलेली लवचीक पट्टी नेमका कोणता आकार घेते, ह्याचा छडा ऑयलर ह्या गणितज्ञानं 1744 सालीच लावला होता. थोडक्यात सांगायचं तर पट्टी आळशी असते. ज्या आकारात तिला सगळ्यात कमी वाकावं लागेल त्या आकारात ती जाऊन बसते, आणि डोळ्याला ती रेघ सुंदर वाटते ती त्याचमुळे. महायुद्धाच्या वर्षांत अमेरिकी लष्कराच्या ॲबर्डीन इथल्या प्रयोगशाळेत आयझॅक शोएनबर्ग आकड्यांच्या कोष्टकांमधला खडबडीतपणा घालवत होते. तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या, पण सांधा न दिसणाऱ्या वक्रांचं गणित त्यांनी 1946 साली मांडलं, आणि नाव दिलं आरेखकाच्या पट्टीचं: स्प्लाइन. लाकडाचा शब्द गणितात गेला तो तेव्हा.

पुढचा मुक्काम फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो ह्यांनी 1959 साली वक्र काढायची सुटसुटीत रीत शोधली, पण कंपनीनं ती गुपित ठेवली. रेनोमधल्या पिएर बेझिए ह्यांनी तीच वाट स्वतंत्रपणे शोधून जगापुढे ठेवली, म्हणून त्या वक्राला नाव बेझिएचं. आज मोबाइलवर उमटणाऱ्या देवनागरी अक्षरांच्या वेलांट्या आणि उकारही ह्याच वक्रांनी काढलेले असतात.

संगणकाच्या पडद्यावर हातानं रेघ काढण्याची सोय मात्र वेगळ्या घरातून आली. एमआयटीत 1963 साली आयव्हन सदरलँड ह्यांनी 'स्केचपॅड' दाखवलं. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवायची आणि आकृती काढायची. त्याचं भांडवल सरळ रेषा आणि वर्तुळाचे कंस. ऑटोकॅड बाजारात आलं 1982 साली आणि त्यात खरीखुरी स्प्लाइन आली 1994 साली. तिथं दोन्ही घराणी एकत्र आली.

हा इतिहास नवशिक्याला शिकवताना फार उपयोगी पडतो, कारण स्प्लाइनपाशी बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. ऑटोकॅड ती दोन रीतींनी काढू देतं. पहिल्या रीतीत, म्हणजे 'फिट'मध्ये, रेघ प्रत्येक बिंदूतून जाते. दुसरीत, 'कंट्रोल व्हर्टायसेस'मध्ये, ती दोन टोकांना शिवते, मधल्या बिंदूंच्या नुसती जवळून जाते, आणि शिकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. हातात कामटी असेल तर गोष्ट मिनिटात कळते. पहिल्या रीतीतले बिंदू म्हणजे फळीवर ठोकलेले खिळे. दुसऱ्या रीतीत खिळे फक्त दोन टोकांना. मधे चार जण लांब उभे राहून कामटीला दोऱ्या बांधून आपापल्या दिशेनं ओढताहेत. कुणी जरा सरकला की त्याच्या आसपासची कामटी हलते, पण कुणाच्याही हातापर्यंत ती पोचत नाही.

दुसरी नेहमीची चूक बिंदू फार टाकण्याची. एखादा आकार गिरवताना मुलं वीस-वीस टिचक्या मारतात आणि रेघ थरथरते. माळ्यावरच्या कारागिरांचा ह्यावरचा उपाय साधा होता. एक वजन हळूच उचलायचं. पट्टी जागची हलली नाही तर ते वजन फुकटच होतं. टुणकन उडाली तर तो बिंदू चुकलेला आहे. पडद्यावर हेच करायचं: एकेक बिंदू पुसून पाहायचा. पाच-सहा बिंदूंत बसणारं वळण पुष्कळदा विसांत बिघडतं.

हे सगळं सेमाडोहच्या आसपास करून पाहण्यासारखं आहे. त्याच रस्त्यावर पुढे हरिसाल लागतं, ज्याची 2016 च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून ओळख झाली. धारणी तालुक्यातच लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे ह्यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. मेळघाटातल्या तरुणांच्या हातांनी तिथं बांबूच्या राख्यांपासून घरांपर्यंत वस्तू घडल्या. इथल्या मुलांना वळणाचा अंदाज हातानं ठाऊक असतो. कामटी कुठवर वाकेल आणि कुठे तडकेल, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांच्यासाठी स्प्लाइन हा धडा दहावा कशाला, तो पहिलाच असायला हवा. फ्रीकॅडसारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं.

एका फळीवर चार खिळे ठोकावेत, कामटी त्यांच्यामधून आलटून-पालटून ओवावी, कडेनं पेन्सिल फिरवावी. मग खिळ्यांची मापं घेऊन तेच चार बिंदू पडद्यावर द्यावेत आणि छापील रेघ फळीवर ठेवून पाहावी. वळण सौम्य असेल तर दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर बसतात. शेवटच्या खिळ्यापलीकडे कामटीचं मोकळं टोक सरळ जातं. टोकाला असंच वागणाऱ्या गणिती वक्राला 'नॅचरल स्प्लाइन' म्हणतात. वळण फार तीव्र केलं तर दोघींची फारकत होऊ लागते, कारण संगणक जे सूत्र वापरतो ते हलक्या वाकासाठी बरोबर असतं.

आणखी एक फरक दिसतो तो पेरांपाशी. बांबूच्या गाठीवर कामटी ताठ राहते, थोडी अडते आणि पुढे जाऊन एकदम वळते. जहाजं बांधणारे म्हणूनच गाठ नसलेलं, सरळ रेषेचं लाकूड निवडून पट्ट्या काढत. संगणकातली पट्टी तशीच, बिनगाठीची आहे. मानवेलाची कामटी वाकवणारा आधी बोटानं पेर चाचपतो, तिथली गाठ चाकूनं तासून सारखी करतो, आणि मगच तिला वळण देतो.