स्विचच्या पोटातला मीटर

आजच्या भागाची सुरुवात एका कोऱ्या कागदापासून करतो.

मी नोकरीला नवा होतो. एका ऑनलाइन परीक्षा केंद्रावर नेटवर्क सांभाळायचं काम होतं. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि आदल्या संध्याकाळी एका रांगेतले सगळे कॉम्प्युटर सारखे अडकायला लागले. केंद्रप्रमुखांनी लगेच वायरिंग करणाऱ्या दादांना धारेवर धरलं, त्यांचं बिल अडवायची भाषा सुरू झाली. मी लाइनचा ग्राफ बघितला तर लाइन निम्मी रिकामी! मग गडबड कुठे?

माझ्या सीनियरनी कागद पुढे केला. म्हणाले, "स्विचच्या प्रत्येक पोर्टचे एरर लिहून काढ. दहा मिनिटांनी परत लिही."

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा बाकीचे आकडे जिथल्या तिथे होते. एकाच पोर्टचा आकडा शेकड्यांनी वाढला होता. त्या पोर्टची केबल बघत गेलो, तर ती टेबलाच्या लोखंडी पायाखाली चेपलेली. टेबल नंतर कुणीतरी सरकवलं होतं. केबल बदलली, आकडा थांबला, आणि दादांच्या मागचा ससेमिराही.

तेव्हापासून मला प्रश्न पडला होता, हा आकडा तिथे आला कुठून?

तर मागे जाऊया, १९७३ मध्ये. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभारायला घेतलं. एकच जाड केबल, सगळी यंत्रं तिलाच जोडलेली. त्यामुळे केबलवर कुठेही कान लावला की सगळी वर्दळ ऐकू यायची.

१९९० मध्ये 'कल्पना' नावाच्या कंपनीनं इथरनेट स्विच बाजारात आणला. हो, कल्पनाच! संस्थापक विनोद भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. स्विचमुळे प्रत्येक पोर्टला जणू स्वतंत्र रस्ता मिळाला. वेग वाढला, पण एका जागी बसून सगळं ऐकण्याची सोय गेली. आता आत काय चाललंय ते स्विचलाच विचारायला हवं.

विचारायची भाषा नुकतीच तयार झाली होती. १९८८ मध्ये जेफ्री केस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एसएनएमपी नावाचा प्रोटोकॉल मांडला. गंमत म्हणजे तो तात्पुरता मानला जात होता, पुढे दुसरा मोठा प्रोटोकॉल येणार होता. तो मागे पडला आणि हा आजही चालतोय. यंत्रानं कोणकोणते आकडे ठेवायचे याची पहिली यादी सुमारे शंभर नोंदींची होती. त्यात किती बाईट आले, किती गेले हे होतंच, पण किती पाकिटं बिघडलेली आली हेही होतं.

बिघडलेलं कसं ओळखतात? इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी चार बाईटचा पडताळा असतो. घेणारा तोच हिशोब पुन्हा करतो. जुळला नाही की फ्रेम टाकून देतो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही, फक्त आपल्या काउंटरमध्ये एक वाढवतो. हरवलेलं पुन्हा पाठवण्यात वेळ जातो, आणि आपण म्हणतो 'नेट स्लो आहे'.

हा काउंटर म्हणजे घरचा विजेचा मीटर समजा. नुसता आकडा बघून या महिन्याचं बिल कळत नाही, मागचं रीडिंग वजा करावं लागतं. आणि मीटर फिरून शून्यावरही येतो! जुने काउंटर ३२ बिटचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाईट मोजून पुन्हा शून्य. १० मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर याला ५७ मिनिटं लागायची. एक गिगाबिटवर फक्त ३४ सेकंद! पाच मिनिटांनी रीडिंग घेणाऱ्याला मधे किती फेऱ्या झाल्या हे कळणारच नाही. म्हणून नव्वदच्या दशकात ६४ बिटचे काउंटर आले.

पाच मिनिटांची ही सवय रुजवण्यात टोबियास ओटिकर यांचा मोठा वाटा. १९९४ मध्ये ते काम करत होते तिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, तीही ६४ किलोबिटची. ती किती भरलीय हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो दर पाच मिनिटांनी रीडिंग घेऊन वेबपेजवर ग्राफ काढायचा. तोच एमआरटीजी. येणाऱ्या ट्रॅफिकचा हिरवा डोंगर, जाणाऱ्याची निळी रेघ. जगभरच्या सर्व्हर रूममध्ये तो पोचला.

पण त्या संध्याकाळी मी नेमका हिरव्या डोंगराकडेच बघत बसलो होतो. लाइन किती भरलीय ते त्यानं बरोबर सांगितलं. जे वाहतंय ते धड पोचतंय का, हे मी विचारलंच नव्हतं.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात कधी स्विच हाताळायला मिळाला, तर एरर काउंटर बघा. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, तो वर्षभरापूर्वीचाही असेल. लिहून ठेवा, चहा पिऊन या, परत बघा. वाढत असेल तर आधी केबल तपासा, माणसांवर नंतर या.

भेटू पुढच्या भागात!