आमच्या वस्तीची चिंच

आमच्या गावच्या पूर्वेस, जुन्या महारवाड्याच्या तोंडाशी एक चिंच आहे. गेल्या वर्षी रस्ता रुंद करण्यासाठी झाडांची मोजणी झाली. देवळातल्या पिंपळापुढे यादीत ‘अतिप्राचीन’ असा शेरा पडला आणि रस्त्याची आखणी त्याला वळसा घालून गेली. आमच्या चिंचेपुढे ‘चिंच, नग 1’ एवढेच होते. वयाचा रकाना कोरा. हा कोरा रकाना कोणी भरायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी शाळामास्तर. नववीच्या मुलांना घेऊन मी झाड मोजले. जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळली. घेर 16 फूट भरला. पण घेरावरून नेमके वय निघत नाही. माती आणि पाणी यांप्रमाणे वाढ कमीजास्त होते. शिवाय खोड आतून पोकळ. वर्तुळे मोजण्याचीही सोय नाही. मग वय विचारायचे कोणाला? माणसांना.

माझी चुलत आजी नव्वदीची आहे. ती म्हणाली, “लेकरा, पिलेगात माझ्या सासूच्या सासूनं हिच्याखाली झोपडी घातली व्हती. तवाच ही दोन माणसांच्या कवंत मावत न्हवती.” प्लेग 1896 साली मुंबईत आला आणि पुढच्या काही वर्षांत खेडोपाडी पसरला. म्हणजे चिंचेचे वय दीडशेच्या आत येऊच शकत नाही.

आजीने पुढे सांगितले ते कोणत्याच रकान्यात बसणारे नाही. गावचे मेलेले ढोर ओढून इथेच आणीत. पाटलाचा सांगावा इथूनच हाक मारून दिला जाई. सांगावा आणणारा वस्तीत पाऊल टाकीत नसे. आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर याच सावलीत वस्तीने त्रिशरण-पंचशील म्हटले व ढोर ओढणे कायमचे सोडले. तेव्हा झाडाचे गोडवे गाण्यासाठी मी लिहीत नाही. आमच्या अपमानाची आणि आमच्या उठावाची, दोन्हींची ही चिंच साक्षीदार आहे.

श्रीलंकेत अनुराधपूरचा बोधिवृक्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात संघमित्रेने नेलेल्या फांदीचा. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत तो जगात सर्वांत जुना मानतात. त्याहून जुनी झाडे जगात आहेत. पण याची हकीकत भिक्षूंनी ‘महावंसा’त लिहून ठेवली. ज्याची नोंद, त्याचे वय. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्या झाडाचा रकाना कोरा राहिला यात नवल नाही. आज अक्षर हाती असूनही तो कोरा राहिला, तर दोष आपला.

महाराष्ट्राने 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा 2021 साली सुधारला आणि 50 वर्षे व त्यावरील झाडाला ‘हेरिटेज’ मानले. पण तो कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे. खेड्यासाठी वाट दुसरी आहे. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे गावपातळीवर समिती नेमून, लोकांना विचारून लोक-जैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्या गावच्या नोंदवहीत देवराई आहे, पिंपळ आहे, चिंच नाही. वस्तीत विचारायला कोणी आलेच नव्हते. म्हणून मुलांनी चिंचेचे माप आणि आजीची जबानी असे टिपण ग्रामसभेपुढे ठेवले. निर्णय अजून व्हायचा आहे.

कार्यकर्त्यांना, शिक्षकांना माझी विनंती आहे: आपापल्या वस्तीच्या झाडापाशी वही घेऊन जा. घेर मुले मोजतील. तुम्ही आधी म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा. झाडापेक्षा त्यांचे आयुष्य थोडे आहे.