लुसाकाचा नकाशा : आफ्रिकेचे नगररचनाकार कुठे घडले?

(१)
१९३१. उत्तर ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झांबियाच्या, ब्रिटिश सरकारने नव्या राजधानीसाठी लुसाका ही जागा मुक्रर केली. तिथे होते काय? रेल्वेचे एक लहान ठाणे, आजूबाजूला गोऱ्या शेतकऱ्यांचे मळे, आणि जवळच्या एका गावप्रमुखावरून पडलेले नाव. शहराची मूळ कल्पना मांडण्यासाठी लंडनहून एक प्राध्यापक बोलावण्यात आले : स्टॅनली ॲडशेड.

बरोबर ८२ वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच लुसाकातील झांबिया विद्यापीठात नगरनियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी नेमक्या अशा वस्त्यांत जाऊ लागले, ज्यांना ॲडशेडच्या शहरात जागाच नव्हती.

या दोन वर्षांमधला इतिहास म्हणजे आजचा धागा. तो इमारतींचा नाही. इमारती कुठे उभ्या राहाव्यात हे ठरवणाऱ्यांच्या शिक्षणाचा आहे.

(२)
ॲडशेड कोण? १९०९ साली लिव्हरपूल विद्यापीठात नगररचनेचा जगातील पहिला विद्यापीठीय विभाग निघाला, त्याचे हे पहिले प्रमुख. विभागासाठी पैसा दिला विल्यम लिव्हर यांनी. होय, ‘सनलाइट’ साबणवाले. आपली बदनामी करणाऱ्या वृत्तपत्रांवर त्यांनी खटला भरला होता; मिळालेल्या नुकसानभरपाईतून ही देणगी आली.

आणि याच लिव्हर यांच्या कंपनीला १९११ मध्ये बेल्जियन काँगोत पाम तेलासाठी प्रचंड मुलूख मिळाला. तिथल्या मळ्यांवरची सक्तीची मजुरी हा पुढे अभ्यासकांचा विषय झाला. नगररचनेच्या पहिल्या विद्यापीठीय वर्गाचा आफ्रिकेशी असा आडवळणाने संबंध पोहोचतो. हा निव्वळ योगायोग मानायचा की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

(३)
त्या वर्गात शिकवले जाई ते इंग्लंडचे नगरशास्त्र. रुंद झाडांचे रस्ते, उद्याने, घरे एकीकडे व कारखाने दुसरीकडे. त्यामागे काही गृहीतके होती : शहर सावकाश वाढते, जमिनीची मालकी कागदावर नोंदलेली असते, बहुतेकांना पगार मिळतो, नगरपालिकेकडे नियम पाळून घेण्याचे बळ असते.

लुसाकाला उद्याननगरीचे रूप मिळाले. उंचवट्यावर सरकारी इमारती, प्रशस्त हमरस्ता, ऐसपैस भूखंड. १९३५ मध्ये राजधानीचे रीतसर उद्घाटन झाले. मात्र हे सारे प्रामुख्याने युरोपीय रहिवाशांसाठी होते. आफ्रिकी माणूस शहरात यायचा तो घरगडी किंवा मजूर म्हणून. काम संपले की त्याने गावी परतावे, असे धोरण होते. त्याचे कुटुंबही शहरात राहणार, ही गोष्ट कायद्याने पुरतेपणी मान्य केली ती १९४८ मध्ये.

म्हणजे लोक होते. मजूर नसते तर ते रस्तेही झाले नसते. पण आराखड्याच्या हिशेबात ते तात्पुरते होते.

(४)
कायदेही असेच आयात झाले. इंग्लंडच्या १९३२ च्या नगररचना कायद्याचा साचा पुढे वसाहतींत गेला. नायजेरियाचा १९४६ चा अध्यादेश हे त्याचे ठळक उदाहरण. कायदा इंग्रजी, म्हणून तो राबवणाऱ्याचे शिक्षणही इंग्रजी. आफ्रिकी तरुणाला नगररचनाकार व्हायचे तर बोटीने ब्रिटन गाठणे भाग होते.

गोल्ड कोस्टचे (आजचा घाना) थिओडोर क्लार्क असेच शिष्यवृत्तीवर एडिनबरोला गेले, १९४३ मध्ये वास्तुविशारद होऊन बाहेर पडले आणि परतल्यावर टेमा या बंदरनगरीच्या उभारणीत अग्रभागी राहिले. पण असे किती? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

(५)
या शिक्षणाची किंमत कोण मोजत होते? लागोसकडे पाहू. १९५५ मध्ये मध्य लागोसमधील दाट वस्ती ‘गलिच्छ’ ठरवून पाडायला घेतली आणि रहिवाशांना दूर सुरुलेरे येथे नवी, नेटकी घरे देऊ केली. पुस्तकी दृष्टीने हा आदर्श प्रकल्प होता.

समाजशास्त्रज्ञ पीटर मॅरिस यांनी विस्थापित कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६१ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यांना काय दिसले? जुन्या गल्लीत भाऊबंद शेजारी राहत आणि एकमेकांची नड भागवत. उंबऱ्यावर बसून विक्री करणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक त्याच गल्लीतले. नव्या वसाहतीत भाडे वाढले, प्रवासखर्च वाढला, धंदा बसला आणि नातलग पांगले. घर सुधारले, संसार विस्कटला. गल्लीच्या रुंदीचे माप ठाऊक असलेल्या नगररचनाकाराला त्या उंबऱ्याचे मोल कोणी शिकवलेच नव्हते.

(६)
ही उणीव प्रथम जाहीरपणे मांडली गेली ती विद्यार्थ्यांकडून. अडेडोकुन अडेयेमी हा नायजेरियन विद्यार्थी मँचेस्टरमध्ये वास्तुशास्त्र शिकत होता. इथे शिकतो त्यातले फारच थोडे मायदेशी कामाचे आहे, ही त्याची खंत. त्याच्या पुढाकारातून मार्च १९५३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उष्ण कटिबंधातील वास्तुरचनेवर परिषद भरली. लगोलग १९५४ मध्ये लंडनच्याच ‘आर्किटेक्चरल असोसिएशन’ या संस्थेत त्या विषयाचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

एका विद्यार्थ्याच्या तक्रारीतून एक ज्ञानशाखा निघते, हे वरचेवर घडत नाही.

(७)
१९५७ पासून त्या विभागाची धुरा आली ऑटो केनिग्सबर्गर यांच्याकडे. त्यांचा पूर्वेतिहास आपल्याला जवळचा आहे. बर्लिनचे हे ज्यू वास्तुविशारद नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागले. १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि तिथले प्रमुख वास्तुविशारद झाले. भुवनेश्वरचा १९४८ चा आराखडा त्यांचा. फाळणीनंतर १९४८ ते १९५१ ते भारत सरकारचे गृहनिर्माण संचालक होते.

निर्वासितांचे लोंढे पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट लख्ख कळली होती : वीस वर्षांचा महाआराखडा कागदावर उतरेपर्यंत शहर पुढे निघून गेलेले असते. म्हणून त्यांनी १९६४ मध्ये ‘कृतिनियोजना’चा विचार मांडला. लहान पथक, थोडक्या काळाचे काम, लगेच परिणाम पाहायचा, चुकले तर बदलायचे. भारतातला हा धडा लंडनमार्गे आफ्रिकेत गेला. १९७१ मध्ये तो विभाग युनिव्हर्सिटी कॉलेजकडे आला आणि विकासनियोजनाचे केंद्र म्हणून आजही चालू आहे.

(८)
या विचाराचा सर्वांत सुंदर नमुना घानातला. १९५४ मध्ये केनिग्सबर्गर, अमेरिकी गृहनिर्माणतज्ज्ञ चार्ल्स अब्राम्स आणि अभियंता व्लादिमीर बोदियान्स्की संयुक्त राष्ट्रांतर्फे गोल्ड कोस्टला गेले. त्यांच्या लक्षात आले की खेड्यातला माणूस मातीच्या भिंती स्वतः उभारतो. अडते ते छतापाशी, कारण पत्रे आणि लाकूड विकत घ्यावे लागते.

मग त्यांनी सुचवले : घर बांधून देऊ नका, फक्त छतासाठी कर्ज द्या. गावच्या सोसायटीमार्फत द्या. फेडलेला पैसा पुढच्याच्या छताला जाईल. ज्याला घर बांधता येते त्याच्याकडून शिकून मग मदत ठरवायची, हा क्रम त्या काळच्या नगररचनेला सर्वस्वी नवा होता.

(९)
तरीही वर्ग लंडनमध्येच होता. तो आफ्रिकेत यायला हवा होता, आणि तो कुमासीला आला. तिथले तंत्रमहाविद्यालय १९५२ मध्ये उघडले आणि १९६१ मध्ये विद्यापीठ झाले. नगररचनेचे शिक्षण तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाले होते.

गरज किती तातडीची होती पाहा. अकोसोंबो धरणाच्या जलाशयाने सुमारे ८०,००० लोकांची ७३९ गावे गिळली; त्यांच्यासाठी ५२ नव्या वसाहती वसवायच्या होत्या. तिथे प्रत्येक कुटुंबाला एक ‘गाभाघर’ मिळाले : आज एक खोली, पुढे ज्याने त्याने वाढवायची. (कोयनेपासूनच्या आपल्या धरणग्रस्तांच्या कहाण्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही वाक्ये अनोळखी वाटणार नाहीत.) वाढवणे प्रत्यक्षात अनेकांना जमले नाही, शेतजमीन अपुरी पडली आणि बरेच लोक वसाहती सोडून गेले.

(१०)
१९७० च्या दशकात नैरोबी विद्यापीठात नियोजनाचा पदव्युत्तर विभाग आला, दारेसलाममध्ये अर्धी इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९८४ मध्ये जर्मनीच्या डॉर्टमुंड विद्यापीठाने विकसनशील देशांतल्या प्रादेशिक नियोजनकारांसाठी ‘स्प्रिंग’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि कुमासी त्याची भागीदार झाली. एक वर्ष डॉर्टमुंडला सिद्धान्त, दुसरे कुमासीला, प्रत्यक्ष जिल्ह्यात. १९८८ मध्ये घानाने जिल्हा सभांचा कायदा केला, तेव्हा ११० जिल्ह्यांना नियोजनकार हवे होते. शिक्षण आणि राज्यकारभार यांची गाठ अशी वेळेवर पडणे दुर्मिळ.

(११)
झांबियात काय चालले होते? १९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात जेमतेम शंभरएक पदवीधर होते. गावाहून शहरात येण्यावरची बंधने उठली, लुसाका भराभर वाढले, पण १९६२ चा वसाहतकालीन नगररचना कायदा कायम राहिला. १९७४ मध्ये एक चांगला अपवाद घडला : जागतिक बँकेच्या कर्जातून जॉर्ज, चावामा यांसारख्या वस्त्या पाडण्याऐवजी तिथे रस्ते आणि पाणी नेण्याचे ठरले आणि त्यासाठी वेगळा कायदाही झाला. रहिवाशांच्या सभा घेऊन रस्त्यांची आखणी ठरली. प्रकल्प आटोपला, पैसा आटला आणि नव्या वस्त्या पुन्हा नकाशाबाहेर वाढत राहिल्या.

(१२)
आता २००५ कडे येऊ. शेजारच्या झिम्बाब्वेत मे महिन्यात ‘मुरांबात्स्विना’ ही मोहीम निघाली. शोना भाषेतल्या या शब्दाचा आशय ‘घाण हटवा’. घरे, टपऱ्या, बाजार जमीनदोस्त झाले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी ॲना तिबाइजुका यांच्या अहवालानुसार सुमारे ७ लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले.

हे बेकायदा होते का? सरकारचे म्हणणे : आम्ही १९७६ चा नगररचना कायदाच अमलात आणत आहोत. तो कायदा गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीत झालेला. मोहिमेमागे राजकारण होते, हे उघड आहे. पण त्या राजकारणाच्या हाती हत्यार आयते दिले होते नगररचनेने. ‘अनधिकृत’ हा एकच शब्द लाखोंचे आयुष्य पुसायला पुरला. तो शब्द नगररचनाकाराला त्याच्या वर्गातच शिकवलेला असतो.

(१३)
आफ्रिकेतील नियोजन-विद्यालयांची संघटना १९९९ मध्ये स्थापन झाली होती. २००८ मध्ये केपटाउनला तिची परिषद भरली. केपटाउन विद्यापीठाच्या व्हॅनेसा वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवाल सोपा होता : आपल्या शहरांतील बहुसंख्य लोक अनौपचारिक वस्त्यांत राहतात आणि अनौपचारिक कामांवर जगतात, मग आपले अभ्यासक्रम त्यांना अपवाद म्हणून का शिकवतात?

संख्येचाही प्रश्न होता. त्या सुमाराच्या एका गणनेनुसार दर लाख लोकांमागे नोंदणीकृत नियोजनकार ब्रिटनमध्ये सुमारे ३८ आणि नायजेरियात दीडच्या आसपास. भारतात? पावसुद्धा जेमतेम. तेव्हा आफ्रिकेकडे पाहून हळहळण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

(१४)
आणि इथे धागा मुंबईत येतो, तोही भायखळ्याच्या पदपथावर.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयात पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला गाजत होता. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील कुटुंबांची गणना केली. गणना ज्यांची होती त्यांचाच तीत सहभाग होता. हे लोक आजउद्याचे पाहुणे नाहीत, वर्षानुवर्षे इथे राहून शहराची कामे करतात, हे आकड्यांनिशी पुढे आले. पदपथावरच्या बायकांचे ‘महिला मिलन’ आणि जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांनी स्वतः मोजण्याची ही रीत पुढे देशभर नेली. ‘आधी पाहणी, मग आराखडा’ हे पॅट्रिक गेडीस यांचे सूत्र. ते १९१९ पासून मुंबई विद्यापीठातच प्राध्यापक होते. फरक एवढाच की आता पाहणी करणारे आणि पाहिले जाणारे एकच होते.

१९९१ मध्ये अर्पुथम आणि सहकारी दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्णभेद संपत आला होता. तिथल्या वस्त्यांनी ही रीत उचलली. १९९६ मध्ये अनेक देशांतील अशा महासंघांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. २०१० मध्ये तिने आफ्रिकी नियोजन-विद्यालयांच्या संघटनेशी करार केला : विद्यार्थी वस्तीत येतील, वस्तीतले लोक त्यांच्यासोबत मोजणी आणि नकाशे करतील.

(१५)
लुसाकाचा २०१३ चा अभ्यासक्रम याच कराराच्या काळातला. कित्वेच्या कॉपरबेल्ट विद्यापीठात पदवीचे शिक्षण आधीपासून होते. नवे होते ते पदव्युत्तर वर्गाचे प्रात्यक्षिक. झांबियाच्या बेघर आणि गरीब लोकांच्या महासंघाचे सदस्य तिथे ‘लाभार्थी’ नव्हते, जाणकार म्हणून सोबत होते. कोणती गल्ली पावसाळ्यात बुडते, पाण्याच्या नळावर रांग कधी लागते, कोणाची जागा कोणाच्या तोंडी कराराने चालते, हे विद्यार्थ्याला सांगणार कोण? उपग्रहाचे छायाचित्र नक्कीच नाही.

याने सारे सुटले असे नाही. अशी प्रात्यक्षिके बव्हंशी परदेशी अनुदानावर चालतात. आणि वस्तीत शिकलेला तरुण पालिकेत रुजू झाला की त्याच्या टेबलावर जुनीच नियमावली असते. म्हणून पुढची तारीख मला महत्त्वाची वाटते. २०१५ मध्ये झांबियाने नवा नागरी व प्रादेशिक नियोजन कायदा केला आणि १९६२ चा कायदा रद्द झाला. ‘सुधारणायोग्य वस्ती’चे नियोजन आता मुख्य कायद्यातच आले.

ॲडशेडचा उंचवट्यावरचा हमरस्ता अजून आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या लुसाकात निम्म्याहून अधिक लोक अशाच वस्त्यांत राहतात, आणि नव्या कायद्याखाली त्यांचे आराखडे अजून पुरते झालेले नाहीत.

(धागा समाप्त. १८९६ चा प्लेग आणि मुंबईचा सुधार न्यास यांवर पुढच्या वेळी.)