उष्णतेचा उतार आणि मराठवाड्याचें पाणी

श्रोतेहो, एंजिन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो भडकलेला विस्तव. कोळशाचा आणि तेलाचा भाव आपण विचारतों. परंतु त्या विस्तवाची उष्णता शेवटीं जाते कोठें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांच्या इतिहासांत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि मराठवाड्यानें त्याचें उत्तर स्वतःच्या अनुभवानें शिकून घेतलें आहे.

नांदेडला आगगाडी आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, सिकंदराबाद-मनमाड या मीटर गेज मार्गानें. लातूरची गाडी निराळी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज एंजिनियरनें आंखलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें. १८९७ सालीं ती बार्शी रोडहून, म्हणजे कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ त पंढरपूर, १९११ त लातूर आणि १९२७ त मिरज अशीं तिचीं टोंकें लांबत गेलीं.

या गाड्या ओढणारीं वाफेचीं एंजिनें मोठीं उधळीं होतीं. कोळशांतील उष्णतेच्या शंभर भागांपैकीं सामान्यतः सहा-सात भागच ओढण्याच्या कामीं येत. बाकीची उष्णता धुराड्यावाटे निघून जाई. एंजिनाचा तो परिचित भकभक आवाज म्हणजे दट्ट्या ढकलून झालेली वाफ बाहेर फेंकल्याचा आवाज. वाफेबरोबर पाणीही जाई. म्हणून ठिकठिकाणच्या स्टेशनांवर एंजिनाला पाणी पाजावें लागे. विहिरींत जपून ठेवलेलें पाणी अशा रीतीनें आकाशांत उडून जात असे.

ही उधळपट्टी कारागिराच्या दोषामुळें होती काय? कांहीं अंशीं होय. पण सर्वस्वीं नव्हे. १८२४ सालीं सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच एंजिनियरनें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्यांत उष्णतेची तुलना धबधब्याशीं केली. आपण आपल्याकडील पाणचक्की घेऊं. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील पाणचक्कीवर वरून आलेलें पाणी चाक फिरवून खालीं उतरतें. खालीं उतरावयास जागाच नसेल तर वर कितीही पाणी असून जातें फिरणार नाहीं. त्याचप्रमाणें उष्णतेलाही उतार हवा. उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जातां जातांच ती काम करिते. या उपमेंत एक उणीव होती. ती पुढें १८५० च्या सुमारास क्लॉसियस व केल्व्हिन यांनीं दूर केली. चाक फिरविलें म्हणून पाणी कमी होत नाहीं. उष्णतेचा कांहीं भाग मात्र खरोखरच कामांत रूपांतर पावतो. परंतु उरलेला भाग थंड वस्तूला दिल्यावांचून यंत्राचा फेरा पुरा होत नाहीं, हा कार्नोचा मूळ विचार कायम राहिला.

आतां थोडा हिशेब करूं. बॉयलरमधील वाफ १९० अंश सेंटिग्रेड व बाहेर पडणारी वाफ १०० अंश धरूं. हे अंश उणें २७३ या निरपेक्ष शून्यापासून मोजावयाचे असतात. म्हणजे वाफेचे अंश झाले ४६३, आणि उतार ९० चा. ९० ला ४६३ नें भागिलें तर शेंकडा १९ येतात. यापेक्षां अधिक काम कोणत्याही कारागिराला तेवढ्या उतारांत काढतां येणार नाहीं. तीच वाफ पाण्यानें ४० अंशांपर्यंत निवविली तर मर्यादा शेंकडा ३२ वर जाते. विस्तव तोच, केवळ खालची बाजू थंड केल्यानें एवढा लाभ होतो! जेम्स वॉटला १७६५ सालीं वाफ वेगळ्या भांड्यांत निवविण्याची जी युक्ति सुचली तिच्या यशांत याचाही वांटा होता.

मोठीं वीजकेंद्रें याच तत्त्वावर चालतात. लातूरच्या उत्तरेस परळी येथें १९७१ पासून औष्णिक विजेचें केंद्र उभें राहिलें. तेथील उंच मनोऱ्यांतून निघणारे पांढरे ढग म्हणजे वाफ निवविणाऱ्या पाण्याचा बाष्परूप झालेला अंश. २०१३ सालीं आणि पुन्हां २०१५ च्या जुलैंत दुष्काळामुळें हें केंद्र बंद ठेवावें लागलें. कारण विस्तवाची उणीव नव्हे, पाण्याची! ज्या गोदावरीच्या पाण्यावर केंद्राची भिस्त, तिच्याच कांठीं खालच्या अंगाला नांदेड वसलें आहे. यंत्राला थंडावा देणारें पाणी आणि माणसानें प्यावयाचें पाणी हीं येथें निराळीं नाहींत.

दुष्काळ वाढत गेला, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. दहा डब्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ती आली बहुतेक त्याच जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेनें. मात्र रूळ आतां रुंद झाले होते व पुढें डिझेल एंजिन होतें. हें एंजिनही उष्णतेचेंच. रूडॉल्फ डिझेलनें आपलें यंत्र यशस्वी करून दाखविलें तें १८९७ सालीं, म्हणजे बार्शीची गाडी सुरू झाली त्याच वर्षीं. आणि त्या पहिल्या यंत्रानेंच उष्णतेचा चौथा हिस्सा कामीं लावला होता. सिलिंडरमधील ताप अतिशय चढवावयाचा आणि नको असलेली उष्णता हवेला द्यावयाची, अशी त्याची रीत. त्यांतील पाणी नळ्यांतून फिरत राहतें, उडून जात नाहीं. ज्या वाटेवर जुनीं एंजिनें पाणी पीत गेलीं, त्याच वाटेनें हें एंजिन लातूरकरांसाठीं पाणी घेऊन आलें.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या भागांत नवें वीजकेंद्र किंवा नवा कारखाना येणार असें ऐकाल तेव्हां कोळसा कोठून येणार एवढेंच विचारून थांबूं नका. टाकावयाची उष्णता कशांत टाकणार, आणि तें पाणी कोणाच्या वांट्याचें, हेंही अवश्य विचारा.